वाचनाची गोडी लागते कशी?

मुलं वाचत नाहीत, ही तक्रार पालकसभेत हमखास निघते. उपायही ठरलेले येतात: मोबाईल काढून घ्या, रोज दहा पानं वाचायला लावा, वाचलेल्याचा सारांश लिहून घ्या. एवढं करूनही सुट्टी लागली की पुस्तक कपाटात जातं, ते जूनमध्येच बाहेर निघतं. कारण या सगळ्या उपायांत वाचायला लावण्याचा विचार असतो, वाचताना मजा कुठून येते याचा नसतो.

वाचनाची आवड कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ती लागण्याचा एक क्रम आहे. आधी वाचण्याचे कष्ट कमी व्हावे लागतात. मग मनासारखं पुस्तक हाताशी असावं लागतं, निवांत वेळ लागतो आणि वाचलेलं ज्याच्याशी बोलावं असं एखादं माणूस लागतं. यातलं एक जरी नसलं तरी गाडं अडतं. आपल्या मुलाचं नेमकं कुठे अडलंय हे ओळखता आलं, तर काय करायचं तेही कळतं.

अक्षरांपाशी काय होतं?

बोलायला मूल ऐकून ऐकून शिकतं. वाचायला मात्र शिकवावंच लागतं. लिपी माणसाने गेल्या पाचेक हजार वर्षांत घडवली, तिच्यासाठी मेंदूत आयती जागा नाही. स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाच्या संशोधनातून दिसतं, की वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या कामातला एक भाग अक्षरं ओळखायच्या कामाला लागतो. हे होतं सरावाने, आणि त्याला वर्षं जातात.

मराठी मुलापुढे हे काम थोडंथोडकं नसतं. मुळाक्षरं झाली की बाराखडी, मग जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं. आपल्यासारखीच बांधणी असलेल्या कन्नड लिपीतल्या अभ्यासांत आढळलं आहे, की सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. तेव्हा दुसरीतलं मूल अडखळतं म्हणून त्याला आळशी म्हणणं चूक आहे.

एक वाक्य घेऊ: ‘म्हाताऱ्याने पिशवीतून पिकलेला चिक्कू काढला आणि पोराच्या हातावर ठेवला.’ दुसरीतली एखादी मुलगी बोट ठेवून वाचते. ‘म्हा’ जमतं, ‘ता’ जमतं. ‘ऱ्या’पाशी ती थबकते, कारण हा र तिने फारसा पाहिलेला नाही. कसंबसं ते अक्षर काढते, मागे जाऊन पूर्ण शब्द जुळवते. ‘पिशवी’ची सुरुवात बघून ती ‘पिवळी’ म्हणून जाते आणि पुन्हा माघारी येते. ‘चिक्कू’तल्या दोन क-पाशी परत अडते. ‘ठेवला’पर्यंत पोचते तेव्हा तिने अर्धा मिनिट मेहनत केलेली असते. आता विचारा, चिक्कू कुणी दिला? ती पुन्हा पहिल्या शब्दाकडे बघते. एका वेळी मनात धरून ठेवायची जागा लहान असते आणि ती सगळी अक्षरं जुळवण्यातच भरून गेलेली असते. सरावलेल्या वाचकाला याच वाक्यात म्हातारा दिसतो, पोराचा पसरलेला हात दिसतो, चिक्कूचा वासही येतो. जिला यातलं काहीच दिसलं नाही, तिने पुढचं पान का उलटावं?

म्हणून ओघाने वाचता येणं ही गोडीची पहिली अट. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. दुसरीकडे ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे ‘आवड नाही’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यातल्या पुष्कळांना अजून वाचणंच जड जातंय.

घरी हे तपासायला सोपं आहे. मुलाने आधी न वाचलेलं एक पान त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि मध्ये न टोकता ऐका. शब्द सुटे सुटे येत असतील, स्वर सपाट असेल, पूर्णविरामावर श्वास घेतला जात नसेल, तर प्रश्न आवडीचा नाही, सरावाचा आहे. अशा मुलाला चार महिने इयत्तेहून सोपी पुस्तकं भरपूर द्या. पुरेसं शिकवूनही तिसरी-चौथीत अक्षरांची अदलाबदल आणि अडखळणं तसंच राहिलं, तर रागावण्याऐवजी डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या.

वाचता येण्याआधी आणि नंतरही: वाचून दाखवणं

अक्षरांचे कष्ट मुलाच्या अंगावर असेपर्यंत गोष्टीची मजा त्याच्यापर्यंत पोचवायची तर ते कष्ट मोठ्यांनी उचलायचे. वाचून दाखवणं म्हणजे नेमकं हेच. मुलांना वाचून दाखवण्यावर अमेरिकेत गाजलेलं पुस्तक लिहिणारे जिम ट्रिलीज सांगत, की मूल जे ऐकून समजू शकतं ते त्याला वाचून समजण्याच्या बरंच पुढे असतं आणि ही तफावत आठवीच्या सुमारास मिटते. पहिलीतल्या मुलाला स्वतः चार ओळींचं पुस्तक वाचता येत असेल, पण चाळीस पानांची गोष्ट ते कान टवकारून ऐकेल.

आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकी उलट चूक होते. मूल वाचायला लागलं की आई-बाबा म्हणतात, “आता तुझं तू वाच.” ज्या क्षणी त्याच्यावर सगळं ओझं येतं, त्याच क्षणी सोबत काढून घेतली जाते. पहिली ते चौथी ही वाचून दाखवायची सगळ्यात गरजेची वर्षं आहेत.

कसं वाचावं याची काही साधी पथ्यं आहेत. वेळ ठरावीक ठेवा, झोपण्याआधीची पंधरा मिनिटं सोयीची. मुलाला पान दिसेल असं शेजारी बसवा. सावकाश वाचा. प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ सांगायला थांबू नका, संदर्भाने बरेच अर्थ लागतात आणि थांबल्याने गोष्ट तुटते. मुलाने विचारलं तर मात्र जरूर सांगा. लांब गोष्ट असेल तर रंगात आली असतानाच थांबा, म्हणजे उद्या तेच पुस्तक घेऊन मूल आपणहून येईल. थोडं वाचता यायला लागलं की एक पान तुम्ही, एक पान त्याने, असं करा. पुढे संवाद वाटून घ्या: आजीचं बोलणं आई वाचेल, उंदराचं मूल वाचेल.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर कंटाळू नका. “आई, परत वाच ना” म्हणताना ते काम करत असतं. पहिल्यांदा त्याला पुढे काय होतं ते कळतं, नंतर चित्रातले बारकावे दिसतात, मग वाक्यं पाठ होतात. पाठ झालेलं वाक्य पानावर बोट ठेवून म्हणता म्हणता छापील शब्द आणि बोललेला शब्द यांची सांगड बसते.

वाचून दाखवण्याचा आणखी एक फायदा मराठी घरांना मोलाचा आहे. घरात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोल्हापुरी बोललं जातं आणि पुस्तकातली भाषा वेगळ्या वळणाची असते. ती आधी घरच्या आवाजात कानावर पडली की परकी राहत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची अडचण निराळी असते. त्यांना मराठी सहज समजतं, पण देवनागरीचा सराव कमी असल्याने वेग पडतो. पाचवीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक दिलं तर त्याला कमीपणा वाटतो. अशांना विनोद, कोडी, चित्रकथा, विज्ञानातल्या गमती अशी थोडक्या मजकुराची पण त्यांच्या वयाला शोभणारी पुस्तकं द्यावीत, आणि मोठी मराठी गोष्ट मोठ्यांनी वाचून दाखवावी. पुणे, शारजा किंवा न्यू जर्सी, हा उपाय सगळीकडे सारखाच चालतो.

पुस्तक कुणी निवडायचं?

मुलाने. मोठ्यांनी त्याच्यापुढे निवडायला भरपूर ठेवायचं.

पुस्तक झेपेल का हे मुलाला स्वतः पाहता यावं म्हणून पाच बोटांची युक्ती शिकवता येते. मधलं कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या दर शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर हे पुस्तक सध्या मोठ्यांकडून वाचून घ्यायचं. एक-दोन बोटंच मिटली तर खुशाल एकट्याने वाचायचं. पण एखाद्या विषयाचं वेड असेल तर हा नियमही बाजूला ठेवावा. डायनासोरपायी मुलं अशी अवघड नावं वाचतात की शिक्षकही थक्क होतात.

चित्रपुस्तकांपासून सुरुवात करायची तर माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं हाताशी ठेवावीत. त्यांत उपदेश नाही, घरातलीच माणसं आणि रोजचेच प्रसंग आहेत, त्यामुळे मुलाला आपलंच कुणीतरी पानात भेटतं. त्यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’मध्ये मराठीतल्या नामवंत लेखकांचे वेचे मुलांच्या गटांनुसार निवडले आहेत.

आठ ते बाराच्या दरम्यान मालिकांची पुस्तकं फार उपयोगी पडतात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे ही मंडळी दर पुस्तकात तीच असतात. त्यामुळे प्रत्येक नव्या पुस्तकात नवी माणसं, नवं घर, नवी बोलण्याची लकब समजून घ्यायची मेहनत वाचते आणि मूल थेट गोष्टीत शिरतं. एकामागून एक आठ-दहा पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचली जातात आणि याच वर्षांत वेग येतो. ‘सारखं तेच काय वाचतेस?’ असं म्हणून हा सपाटा थांबवू नये.

चित्रकथांनाही नाक मुरडू नये. अमर चित्रकथा १९६७मध्ये सुरू झाली आणि कित्येक पिढ्यांना तिने वाचायला बसवलं. चित्र बघून संदर्भ लागतो, फुग्यातला मजकूर थोडका असतो, म्हणून अडखळणाऱ्या वाचकाला तिथे धीर येतो. मासिकांचंही तसंच. बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतली कितीतरी चित्रपुस्तकं पातळीनुसार लावलेली आहेत आणि तीही मोफत.

बक्षीस, सारांश आणि तात्पर्य

१९७३मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग पालकांनी माहीत करून घ्यावा. ही मुलं रंगीत पेनांनी चित्रं काढायला आपणहून बसणारी होती. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर प्रमाणपत्राचं आमिष दाखवलेली मुलं पेनांकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ फिरकत होती. जे मजेसाठी चाललं होतं, ते मोबदल्यासाठीचं काम होऊन बसलं. पन्नास पुस्तकं वाचली तर सायकल, असा सौदा करणाऱ्यांनी याचा विचार करावा. मूल पातळ पुस्तकं शोधेल, पन्नास पुरी करेल आणि एक्कावन्नावं हातात घेणार नाही. बक्षीस द्यायचंच तर ते पुस्तकाचंच द्यावं.

सारांश लिहून घेण्याने असंच होतं. शाळेत आकलन तपासावं लागतं, ते तिथे ठीक. पण घरातल्या दर पुस्तकामागे वहीची भीती असेल तर मूल वाचताना उत्तरं गोळा करत बसतं. “यातून काय शिकलास?” हा प्रश्न तर सोडूनच द्यावा. त्याऐवजी “तो पुढे पळाला का सापडला?” असं खऱ्या उत्सुकतेने विचारा. हे विचारण्यासाठी ते पुस्तक तुम्हीही थोडं वाचलेलं असावं लागतं, आणि मुलाला ते लगेच कळतं.

स्वतः शिक्षक असलेल्या दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यातला पहिला हक्क न वाचण्याचा आहे, पुढचे पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा. मोठी माणसं हे हक्क रोज बजावतात. दिवाळी अंक कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. मुलांना मात्र ‘घेतलंस ना, मग पूर्ण कर’ असं सांगितलं जातं. वीस पानांत पुस्तकाने पकडलं नाही तर ते ठेवून दुसरं घ्यायची मोकळीक मुलालाही हवी.

तेरा ते सतरा

चांगली वाचणारी मुलं आठवी-नववीत अचानक वाचेनाशी होतात, तेव्हा पालक घाबरतात. इथे अडचण अक्षरांची नसते. शाळा, क्लास, प्रवास यात दिवस संपतो, उरलेला वेळ फोन घेतो आणि लहान मुलांच्या पुस्तकांतून मूल बाहेर पडलेलं असतं, पण मोठ्यांच्या कपाटातलं काय घ्यावं हे त्याला माहीत नसतं. या वयात त्याला भीती, प्रेम, अन्याय, मृत्यू, स्वतःचं वेगळेपण यांबद्दल वाचायचं असतं.

तेव्हा दार मोठं उघडावं. नारायण धारपांच्या भयकथा, सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा ही या वयाला धरून ठेवणारी पुस्तकं आहेत. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांतला लंपन मनातला गोंधळ जसा सांगतो, तसा तो वाचणाऱ्यालाही आपलाच वाटतो. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१पासून कित्येक मराठी मुलांच्या हाती पहिलं मोठं चरित्र म्हणून आलं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आटोपशीर आहे आणि गंभीर कादंबरीचं भय घालवते. कुणाला क्रिकेटपटूचं चरित्र हवं असेल, कुणाला इंग्रजीतली जादूची मालिका, तर तेही वाचनच. आज जे घेतलंय ते ‘हलकं’ आहे म्हणून हिणवलं, तर उद्याचं ‘चांगलं’ पुस्तक मूल तुमच्याकडून घेणार नाही.

या वयात पालकांच्या शिफारशीपेक्षा मित्राने दिलेलं पुस्तक आधी वाचलं जातं. म्हणून मुलांनी पुस्तकं आपसांत फिरवणं जास्त कामाचं. मोबाईलवरचं पुस्तकही चालेल, फक्त तेवढा वेळ सूचना बंद असाव्यात. दर दोन मिनिटांनी लक्ष तुटलं तर गोष्टीत बुडणं होत नाही, आणि त्या बुडण्यासाठीच तर माणूस वाचतो. रात्री सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावले, तर नियम एकट्या मुलावर लादल्यासारखा होत नाही.

पुस्तकं आणायची कुठून?

दर महिन्याला चार पुस्तकं विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही आणि तशी गरजही नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग आहे का ते पाहा. असेल तर मुलाला त्याच्या नावाचं कार्ड करून द्या आणि कपाटापाशी एकट्याला अर्धा तास रमू द्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांतून फिरतात. तीच पद्धत आपल्या सोसायटीत किंवा वाडीत सहज करता येते. दहा घरांनी पाच-पाच पुस्तकं काढली तर पन्नासांची पेटी होते. एका घरी एक महिना, मग पुढच्या घरी. कुणी काय नेलं ते एका वहीत मुलांनीच लिहायचं. चार पुस्तकं फाटतील, दोन हरवतील, ते मान्य करून चालावं.

पुस्तकं बंद काचेच्या कपाटात ठेवू नका. मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर, काहींची मुखपृष्ठं समोर दिसतील अशी ठेवा. लहान मूल कणा वाचून पुस्तक निवडत नाही, ते चित्र बघून उचलतं. सहलीला जाणारच असाल तर महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारमध्ये एक दिवस काढा. ४ मे २०१७पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही बसून वाचू शकतं.

राहिला वेळ. त्याचा हिशेब उत्साह वाढवणारा आहे. मिनिटाला १०० शब्द हा काही फार मोठा वेग नाही. त्या वेगाने रोज पंधरा मिनिटं वाचलं तर दिवसाला १५०० आणि महिन्याला ४५ हजार शब्द होतात. एवढ्यात मुलांसाठीची एक कादंबरी सहज संपते, म्हणजे वर्षाला बारा. जितकं वाचलं जातं तितके शब्द ओळखीचे होतात, शब्द ओळखीचे झाले की वाचणं सोपं होतं आणि सोपं झालं की आणखी वाचावंसं वाटतं. एकदा ही साखळी सुरू झाली की मोठ्यांनी ढकलायची गरज उरत नाही.

तोवर मात्र आपल्यालाच बसावं लागेल. पालकांनो, शिक्षकांनो, मुलाला ‘वाच’ म्हणण्याआधी त्याच्याशेजारी बसून दहा मिनिटं वाचा. आजच रात्री सुरुवात करा, पुस्तक त्याला निवडू द्या, आणि संपल्यावर तपासणीचा एकही प्रश्न विचारू नका.